बोरीखालची जागा

आरोही ही एकुलती एक लेक, लॅण्डस्केप आर्किटेक्चरच्या एमआर्कला. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने मखमलाबादचा घरचाच मळा निवडला आणि तिथे कृषी पर्यटन केंद्र आखलं. झेंडूच्या वाफ्यांमधून पायवाट, विहिरीपाशी बाकडी. बोरीखालचा पडीक कोपरा घरात कधी कुणी पेरतच नाही, म्हणून तिथे पाहुण्यांसाठी संडास. जागेचा अभ्यास सरांनी इतका वाखाणला, की घरी येईपर्यंत तिचे पाय जमिनीवर नव्हते.

तिने नकाशा आईपुढे पसरला. आईचं बोट फिरत फिरत बोरीपाशी आलं, ते तिथून हलेचना.

"संडास दुसरीकडं घे गं."

"अगं आई, सगळ्या मळ्यात तेवढीच तर जागा रिकामी आहे!"


"रिकामी नाय ती, पोरी. माझं पहिलं लेकरू पुरलंय तिथं."