सोफ्याचं डावं टोक

आमची बेसबॉलची टीम सलग अकरा सामने हरली होती. त्या संध्याकाळी मात्र आघाडीवर होती, कारण मी टीव्हीसमोरच्या सोफ्याच्या डाव्या टोकावरून हललो नव्हतो. टीम पुढे असली की जागा सोडायची नाही, हा माझा नेम.

साताऱ्याहून अमेरिकेत माझ्याकडे आलेली आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "वरचा पोह्यांचा डबा काढून दे रे."

"मॅच संपू दे, आई."

ती स्वतःच स्टुलावर चढली. पडल्याचा आवाज आला, तेव्हा शेवटचा गडी बाद व्हायचा होता. तो झाल्यावरच मी उठलो.

मनगटाला प्लास्टर घालून परतताना गाडीत तिने विचारलं, "जिंकली ना तुझी टीम?"

मी नुसतं हं म्हटलं.

"मग उद्याही तिथंच बस. बसायच्या आधी डबा तेवढा काढून दे."