चष्म्याची उगवण

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, तुमच्या डोळ्यांवर खोक्याएवढा काळा चष्मा बांधलाय. आत खराखुरा वाटणारा सिनेमा चालू होतो: समोर जंगल आहे. झाडी हलते आणि हत्ती थेट तुमच्या अंगावर धावून येतो. काय कराल? टेंभुर्णीच्या तुळजाबाईंनी हातातली भाजीची पिशवीच हत्तीला फेकून मारली. ती कल्याणकाकाच्या मोबाईलच्या दुकानात पंख्याला जाऊन लागली, आणि दुकानभर मेथी झाली. बाकड्यावरची माणसं पोट धरून हसली.

"बघितलं?" कल्याणकाका म्हणाला. "येतं साल चष्म्याचं! टीव्ही संपला. मोबाईलबी संपणार. लिहून घ्या."

काकाचा अंदाज हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचं काम गावात त्यानेच पहिल्यांदा सुरू केलं, आणि तो धंदा बसायच्या आधी सोडलंही त्यानेच. आता दिवाळी तोंडावर आली होती. हा एक चष्मा नमुन्याचा होता. रविवारी काका संभाजीनगरच्या व्यापाऱ्याला फोन करणार आणि आणखी दहा मागवणार. त्यांना जागा हवी, म्हणून त्याच्या बायकोचं, दैवशालाकाकूचं, मोबाईल दुरुस्तीचं टेबल दुकानातून निघणार होतं. मोबाईलच राहणार नसेल, तर दुरुस्त काय करायचं?

काकाची पुतणी संध्या दहा वर्षांची. हे ऐकून ती काकूच्या टेबलाला चिकटूनच उभी राहिली. याच सुट्टीत काकू तिला सोल्डरिंगचा, म्हणजे कथील वितळवून तार जोडायचा, पहिला टाका स्वतःच्या हाताने घालू देणार होती.

घरी आली तर कडूबाआजोबा ओल्या गोणपाटावर हरभऱ्याचे दाणे मांडत होते. दहादहाच्या दहा ओळी. पेरण्याआधी बियाणं उगवतं का, ते असं बघतात. गोणपाट गुंडाळून त्यांनी सावलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याने हळूच कोपरा उचलून पाहिला. दाणे टम्म फुगले होते.

"आबा, सगळे उगवणार! शंभरच्या शंभर!"

"येडी का खुळी?" आजोबा हसले. "मेलेला दाणाबी पाण्यात फुगतो, पोरी. फुगलेले न्हाई मोजायचे. कोंब मोजायचे. शनिवारपर्यंत थांब."

संध्याने गोणपाटाचा कोपरा पुन्हा नीट झाकला. मग वही घेऊन तिने दुकान गाठलं.

जो चष्मा घालेल त्याचं नाव ती लिहू लागली. पहिल्यांदा घालून कुणी कितीही ओरडो, ते नुसतं फुगणं. पुन्हा येऊन जो चष्मा मागेल, त्याच्या नावापुढे खूण. तो कोंब.

"लिही, लिही," काका म्हणाला. "वही पुरायची न्हाई तुला!"

तिसऱ्या दिवशी शेजारचा सुमित धावत आला. "मला आणखी एकदा पायजे!" संध्याचा हात वहीवर थबकला. काकू टेबलापलीकडून तिच्याकडेच बघत होती. खुणा वाढल्या, तर तिचं टेबल जाणार होतं. संध्याने खूण केली. दाणा उगवला तर उगवला म्हणायचं.

शनिवारी सकाळी आजोबांनी गोणपाट उलगडलं. शंभरातले शहाऐंशी उगवले होते. "बिनघोर पेरा," ते स्वतःलाच म्हणाले. संध्या तिथून दुकानात पळाली. काकूने पेचकस एका डब्यात भरून ठेवले होते. टेबल रिकामं झालं होतं.

"काका, एक्केचाळीस जणांनी चष्मा घातला. चौघांनीच पुन्हा मागितला."

"अगं, ते जाफराबादच्या जीपची वाट बघणारे असतील," काका म्हणाला. "जीप आली, गेले. पुन्हा कुठून येणार?"

म्हणणं बरोबर होतं. खातरी करायला हवी होती. संध्याने खूण नसलेली नावं शाळेतल्या हजेरीसारखी मोठ्याने वाचायला घेतली.

"तुळजाआजी!"

"हाये की इथंच!"

"धम्मपालमामा!"

"हजर, बाई!"

"उषामावशी!"

"आले, आले, जरा सरका तिकडं."

वीसबावीस नावं वाचून झाली आणि संध्या थांबली. ही सगळी इथंच होती, आणि रोजच येत होती. ज्यांनी चष्मा मागितला त्यांच्याकडेच तिचं लक्ष होतं. न मागता बसून राहिलेल्यांकडे तिने पाहिलंच नव्हतं. बाकडं भिंतीवरच्या टीव्हीकडे तोंड करून ठेवलेलं. पण बाकड्यावरची झाडून सारी माणसं माना वळवून मागे, दाराजवळ चष्मा घालून उभ्या राहणाऱ्या माणसाकडे बघत होती.

"रोज येता, मंग चष्मा का मागत न्हाई?"

"त्यात काय बघायचं? तोच हत्ती, तेच झाड," तुळजाबाई म्हणाल्या. "आज कोण वरडतंय ते बघाया आलोत आम्ही. काल ही उषा हत्तीच्या पाया पडल्ती!"

सगळं बाकडं हसून हललं. उषाबाई तर सगळ्यांत जास्त हसल्या.

संध्याने वही मिटली. "काका, चष्म्याला कोंब न्हाई फुटला. बाकड्याला फुटला."

काकाने तिच्या हातातली वही घेतली. स्वतः एकदा नावं पाहिली, मग बाकड्याकडे पाहिलं. हातातला फोन त्याने खिशात टाकला.

"एकच ठेवू," तो म्हणाला. "दहा न्हाई."

काकूने डबा उघडला आणि पेचकस एकेक करून टेबलावर परत मांडले.

"पण मंग येत्या साली लोकं बघणार काय?" काकाने विचारलं. "ते तर सांगा, ज्योतिषीणबाई!"

संध्याने टीव्हीचं बटण बंद केलं. "उठा सगळे जरा," ती म्हणाली, आणि बाकड्याचं एक टोक धरून तिने ते दाराकडे, चष्मा घालून उभ्या राहणाऱ्या माणसांकडे फिरवलं.