वाळत घातलेली वर्दी

चौकशीला आलेला लष्करी साहेब खुर्चीच्या टोकावर बसला होता, जशी काही खुर्चीच आरोपी. वयानं पोरसवदा, मिशी तेवढी थोरल्या भावाची मागून आणल्यासारखी. समोर पहारेकऱ्याची आई. चुलीपुढून तशीच उठून आलेली, दोन्ही हात फडक्यात गुंडाळलेले.

साहेबानं आल्या आल्या विचारलं ते मुलाच्या पिण्याबद्दल. दारूगोळ्याच्या कोठारावर भरदुपारी पहाऱ्याला असताना त्यानं म्हणे आभाळात काहीतरी पाहिलं. गोल, काळपट. आवाज नाही, वारा नाही. डोक्यावर येऊन थांबलं, त्याच्यावर सावली धरली आणि गेलं. दुसऱ्या कुणालाच दिसलं नाही. आणि हा मात्र नखशिखांत भिजलेला. पावसाचा तर कित्येक महिन्यांत थेंब नाही. म्हणजे ढोसली होती, उतरावी म्हणून डोक्यावर बादली ओतून घेतली, आणि वर ही आभाळाची गोष्ट रचली. वरच्यांचा हिशेब असा सरळ होता. आता नोकरी जाणार, तीही दारुडा आणि खोटारडा म्हणून. असा शिक्का बसलेल्या माणसाला कुणी दारात उभं करत नाही.

"माझा मुलगा खोटं बोलत नाही, साहेब," आई म्हणाली. "तेवढी अक्कल असती, तर दुसऱ्याच्या दारावर पहारा देत कशाला उभा राहिला असता?"

साहेब हसला नाही. म्हणाला, आठवडा झाला, कोठडीत आहे. प्रश्न विचारला की घामानं निथळतो. बसल्या जागी सदरा बदलावा लागतो. खऱ्या माणसाला इतका घाम फुटतो का, बाई?

आईनं दाराआड उभ्या असलेल्या सुनेकडे पाहून मान हलवली. सून मागच्या अंगणात गेली आणि बादली घेऊन आली. आत दोरीवरून काठीनं उतरवलेली वर्दी होती. त्या दिवशी तो घरी येऊन ठेवून गेला होता ती.

साहेबाला वाटलं, आत्ताच धुतलेली असेल. सून हळूच म्हणाली, धुतलेली नाही, आठवडाभर उन्हात आहे. शेजारचे कपडे वाळून कडक होतात. सासूबाईंनी हिच्यावर इस्त्री फिरवली, तर इस्त्रीच गार पडली.

साहेबानं बादलीत हात घातला. सून काही सांगायला पुढे झाली, पण सासूनं तिच्याकडे असं पाहिलं, की तिचे शब्द ओठातच राहिले.

त्यानं बाही पिळली. पाणी पडलं. पुन्हा पिळली, पुन्हा तेवढंच. मग दात आवळून, सगळा जोर लावून पिळली. धार तशीच, ना कमी ना जास्त. पाण्याला कसलाच वास नव्हता.

त्यानं वर्दी खाली टाकली आणि रुमालाला हात पुसले. रुमाल चिंब झाला. पँटला पुसले, मांड्यांवर दोन काळे पंजे उमटले. तळहात उलटून पाहिले, तर गार तांब्यावर येतात तसे थेंब आतून वर येत होते. एक पुसला की तिथेच दुसरा.

आईनं आपल्या हातांवरचं फडकं सोडलं. बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली. करंगळीवरून एक थेंब ओघळला आणि फरशीवर पडला.

"वर्दी त्याच्या अंगातून मीच काढली होती," ती म्हणाली.

साहेबानं तिच्या हातांकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं. मग लहान मुलासारखं म्हणाला, "आई, हे पुसायचं कशानं?"

तिनं कोनाड्यातल्या ढिगातून एक कोरडं फडकं काढून त्याच्या हातात दिलं.

"पुसत राहायचं. आणि तिकडे कुणी विचारलं, तर खरं सांगायचं. बघू या, तुमचं कोण ऐकतं."

बाहेर जीपपाशी ड्रायव्हरनं सलाम ठोकला. साहेबानं हात वर केला नाही. दोन्ही हात खिशात होते, आणि खिसे हळूहळू काळे पडत चालले होते.