मधली पिन

"मी पाय उचलला होता का, एवढंच सांगा."

डंपरच्या शिडीशी उभ्या वेननं सकाळपासून तिसऱ्यांदा हेच विचारलं. मिशिगनमधल्या या खडीच्या खाणीत एकतीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. चार दिवसांपूर्वी चढावर त्याचा भरलेला डंपर एकाएकी मरगळला आणि ब्रेक लावूनही बर्फावरून मागे घसरला. मागच्या पिकअपमध्ये त्याचा मेहुणा होता. तो जागीच गेला.

पहिल्या दिवशी वेन ओरडून सांगत होता, ॲक्सिलरेटरचं पेडल पूर्ण दाबलेलं होतं, इंजिननंच दगा दिला. पण जो येईल तो तेच विचारणार, घाबरून पाय उचलला असशील, आठवून बघ. चार दिवसांत माणसाला इतकं भंडावलं, की आता त्याचं त्यालाच खात्रीनं सांगता येईना. घरी बायको बोलत नव्हती. तिचा भाऊ गेला होता ना!

केबिनमध्ये गुरुदत्त पेडलपाशी आडवा झाला होता. सीटवर जगन्नाथकाका, मांडीवर लॅपटॉप. दोघं ट्रॉय शहरातून आलेले, इंजिन कंपनीची माणसं. इंजिनात एक जुना फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाची नोंद, सापडला होता, पण त्यावर तारीख नव्हती. तो मागच्या महिन्यातल्या तक्रारीचा असणार, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

पेडल किती दाबलंय ते इंजिनाला कळवतो तो छोटासा सेन्सर. त्याला तीन वायरी. एक करंट आणते, एक परत नेते, आणि मधली खबर देते. गुरुदत्तनं तिन्ही तपासल्या. सगळं ठणठणीत.

"झालं तर मग," काका म्हणाले. "ड्रायव्हर एरर. आवर, निघू."

"काका, पेडल फुल दाबून धरा. मी वायर हलवून बघतो."

काकांनी पेडल दाबलं. स्क्रीनवर शंभर आलं. गुरुदत्तनं कनेक्टरजवळची वायर जराशी हलवली आणि शंभराचं शून्य झालं. सोडली, पुन्हा शंभर. हलवली, शून्य. काकांचा पाय पेडलवर तसाच होता.

गुरुदत्तनं कनेक्टर उघडून टॉर्च मारला. वायरींच्या बाजूचं मधलं सॉकेट फाकलं होतं. सेन्सरची पिन त्यात कधी लागत होती, कधी नाही. नाही लागली की इंजिनाला वाटणार, ड्रायव्हरनं पाय काढला.

ते सॉकेट कुणी फाकवलं, हे त्याला विचारावं लागलं नाही.

मागच्या महिन्यात इथे तोच आला होता. सेन्सर बदलायला. उणे अठरा, बोटं बधिर झालेली. तपासणीच्या बारीक पिना गाडीत राहिल्या होत्या आणि गाडी पार गेटपाशी. एवढ्यासाठी कोण तंगडतोड करणार? त्यानं मीटरचं जाड टोक सरळ सॉकेटमध्ये खुपसलं, आकडा बरोबर आला, काम झालं. असं करायचं नाही, हे काकांनीच त्याला पहिल्या आठवड्यात घोकून घेतलं होतं. टोक कधीही समोरून घालायचं नाही, सॉकेट फाकतं. अरे, दहा मिनिटं चालला असता तर काय बिघडलं असतं!

काकांना सांगावं लागलं नाही. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि ते मराठीत बोलू लागले.

"गुरू, ऐक. वायरींचा हा सगळा हार्नेस बदल. जुना माझ्या डिकीत टाक. रिपोर्ट मी लिहितो."

"आणि वेन?"

"तो रिटायरच होतोय रे वर्षभरात. तुझं ग्रीन कार्ड अडकलंय. घरी सईला आठवा महिना लागलाय. कंपनीनं काढलं तर जाशील कुठे?" काका म्हणाले. "गेलेला माणूस काही परत येत नाही."

काका वाईट नव्हते. सईच्या डोहाळजेवणाला त्यांनीच घरून टेबलं आणली होती. गुरुदत्तला वाटलं, मान डोलवावी आणि सुटावं. खरंच वाटलं. पाना हातात घेऊन हार्नेसचा पहिला बोल्ट त्यानं सैलही केला.

खालून वेन म्हणाला, "उचलला असेन मी. वय झालं माझं. तसंच लिहा तुम्ही."

गुरुदत्तचा हात थांबला.

"वर या," तो वेनला म्हणाला.

वेन धापा टाकत शिडी चढून आला. गुरुदत्तनं पेटीतून एक सुटी पिन काढून त्याच्या हातात दिली. "ही एकेका सॉकेटमध्ये घाला आणि सोडून द्या."

वेननं कनेक्टर खाली तोंड करून धरला. पहिल्यात पिन घातली, सोडली. लटकून राहिली. तिसऱ्यात घातली, राहिली. मधल्यात घातली आणि ती निसटून खाली मॅटवर पडली.

त्यानं ती उचलून पुन्हा घातली. पुन्हा पडली.

"तुम्ही पाय उचलला नव्हता," गुरुदत्त म्हणाला.

वेननं तोंडावर हात ठेवला. त्याचे खांदे हलत राहिले. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "पण हे इतकं सैल झालं कशानं?"

"गुरू, नको," काका मराठीत म्हणाले.

गुरुदत्तनं मीटरची लाल वायर उपसून तिचं जाड टोक वेनच्या तळहातावर ठेवलं. "मागच्या महिन्यात मी आलो होतो," तो म्हणाला.

वेननं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या टोकाकडे. मग त्यानं ते मधल्या सॉकेटमध्ये घातलं आणि हात सोडला.

ते पडलं नाही.