आठ निरोप, शून्य चुका

अकराला पाच मिनिटं कमी असताना तिने सगळ्यांचे फोन बंद करून खणात टाकले. चाचणीच्या वेळी खोलीत दुसऱ्या कुठल्याच लहरी नकोत, हा तिचा नियम. ट्रान्समीटर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर होता. तंत्रज्ञ काका बरोबर अकराला तो सुरू करणार, हे कालच ठरलं होतं.

ट्रान्समीटरचे आठ अँटेना एकदम आठ निरोप पाठवत. इकडच्या आठ अँटेनांपर्यंत पोचेतो त्यांची पार सरमिसळ झालेली असे. ती सोडवताना जुनी पद्धत प्रत्येक शक्यता तपासत बसे. तोवर बोलणाऱ्याचं बोलणं संपूनही जाई. तिची पद्धत न जुळणाऱ्या शक्यता आधीच गाळून टाकी. म्हणून सहकारी तिला चाळणीबाई म्हणत. आज साहेबांनी सही केली, तर ही चाळणी मोबाइलच्या चिपमध्ये जाणार होती. नाही केली, तर तीन वर्षं पाण्यात.

अकरा वाजले. पडद्यावर आकडे सरकू लागले. मूळ निरोपांची यादी ताळा करण्यासाठी तिच्याच संगणकात होती.

चुका: शून्य.

तिने पाच-दहा चुका गृहीत धरल्या होत्या. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं ती मनात म्हणाली.

कौतुकाच्या बाबतीत साहेबांचा हात फार आखडता. ते उठले आणि त्यांनी स्वतः एक अँटेना काढला. “आता?”

शून्य.

त्यांनी दुसरा काढला, तिसरा काढला. तरी शून्यच.

“अहो, पाच कानांनी आठ जणांचं ऐकतेय ही!” साहेबांचा आवाज चढला. “तीस वर्षांत असं पाहिलं नाही मी. हे जमायचं नाही, असं सगळीकडे सांगत फिरत होतो. चुकलो.”

“साहेब, आणखी एकदा तपासू या का?” तिने विचारलं.

“हातच्या काकणाला आरसा कशाला?” म्हणत त्यांनी सही ठोकली आणि चक्क टाळ्या वाजवल्या. तिला रडूच आलं. तीन वर्षांत इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

ही बातमी आधी काकांना सांगायला हवी होती. तिने खणातून फोन काढून सुरू केला, तोच तो वाजला.

“ताई, कधीचा फोन लावतोय,” काका धापा टाकत होते. “गच्चीच्या दाराची किल्लीच सापडत नव्हती. आत्ता कुठे वर आलो. करू का सुरू?”