रेघांचं कापड

“तुझी सासू तुझ्या तोंडाकडे बघून बोलत नाही हं. मनात काहीतरी आहे. बाळ सोपवायच्या आधी विचार कर,” असं शेजारीण म्हणाली, तेव्हा सुनेनं ते हसण्यावारी नेलं होतं. रजा संपत आली, उद्या कामावर जायचं, आणि तेच बोलणं आता तिला कुसळासारखं टोचत होतं.

सासूचा जन्म शिवणकामात गेलेला. पण हल्ली बोलताना तिची नजर सुनेच्या कानापाशी अडकायची. पाळण्यावर वाकली की बाळाऐवजी उशीकडेच बघायची. झबल्याची टीप वाकडी गेली, तर खापर मशीनवर फुटलं. मशीनवाला म्हणाला, मशीन ठणठणीत आहे. तर तो लबाड ठरला. सून सगळं मनात टिपत होती. भाजी चिरतानाही तिचं अर्धं लक्ष पाळण्याकडेच.

दुपारी सासू नवं कापड पुढ्यात पसरून करवादली, “लोक काय विकतील नेम नाही. रेघा बघ, सापासारख्या.”

सून जवळ गेली. रेघा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ होत्या. आपली थट्टा चाललीय, की दोष डोळ्यांतच आहे? तिनं न विचारताच सासूचा डावा डोळा हातानं झाकला. “वाकड्याच दिसतात,” सासू म्हणाली. मग उजवा झाकला.

“आता मधे नुसता धूर,” सासू म्हणाली.

“आई, माझ्याकडे बघा.”

नजर पुन्हा कानाकडे गेली. “असं बघितलं की तुझं तोंड कडेनं सापडतं गं. सरळ बघितलं की पुसतं.”

मग बोलला का नाहीत, असं सुनेनं विचारलं. सासू कापडाची घडी घालू लागली.

“सांगितलं असतं, तर बाळ ठेवलं असतंस माझ्यापाशी?”

“उठा, आधी डोळे दाखवून येऊ,” सून म्हणाली.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आतल्या पडद्याचा मधला भाग बिघडलाय. हे चष्म्यानं सुधारायचं नाही. डाव्याला उशीर झाला. उजव्याला इंजेक्शनं देऊ, आहे तेवढं टिकवायला बघू. आधी का नाही आणलंत, हे त्यांनी सुनेकडे बघून विचारलं.

बाहेर बाकावर सासू रिकामे हात मांडीवर ठेवून बसली होती. सुनेनं त्या हातांत बाळ दिलं आणि शेजारी टेकली.

तुमच्याही घरात असं कुणी असेल. त्यांना आज एकेक डोळा झाकून काय दिसतं ते विचारा. पण त्याआधी त्यांना सांगा, ‘खरं बोललात म्हणून तुमच्याकडून काही काढून घेणार नाही.’