एका तारखेची जोडी

“लांबी तीनशे पाच मिलिमीटरच हवी. दोन मिलिमीटर जास्त भरली तरी गाडीतल्या खोक्यात बसणार नाही,” असं म्हणत मास्तरांनी पोलादी पट्टी पुन्हा एकदा बॅटरीवर आडवी धरली.

“सर, तीनशे पाचच आहे,” दुकानदार म्हणाला. तंत्रशाळेत तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता, त्यामुळे पट्टीचा त्याला राग आला नाही.

मास्तरांची बायको काउंटरपाशी स्टुलावर बसून हे पाहत होती.

“दोन्ही एकाच तारखेच्या दे,” मास्तर म्हणाले. त्यांच्या जुन्या डिझेल जीपचं इंजिन जड, ते फिरवायला दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी जोडाव्या लागत. “एक जुनी आणि एक नवी जुंपली, तर जुनी नवीलाही घेऊन बसते.”

“लग्नाच्या वेळी माझी एवढी तपासणी झाली नव्हती,” ती म्हणाली.

“तेव्हा माझ्याकडे मीटर नव्हता.”

दुकानदार हसला. मग त्याची नजर तिच्याकडे गेली आणि तो घाईने तारा गुंडाळू लागला.

परवा ती एकटीच इथे येऊन गेली होती. दिसायला नवी, पण आतून संपलेली जोडी द्या, असं तिने त्याला सांगितलं होतं. गिऱ्हाइकांनी परत केलेल्या बॅटऱ्या त्याच्याकडे असतात, हे तिला ठाऊक होतं. चार्ज केल्यावर मीटरवर त्या ठीक दिसतात आणि इंजिन ओढायची वेळ आली की मान टाकतात, हे तर मास्तरांकडूनच तिने शंभरदा ऐकलं होतं. दुकानदार “बघतो, काकू,” एवढंच म्हणाला होता.

दुसरा मार्ग तिला दिसत नव्हता. गेल्या महिन्यात भर दुपारी, सरळ रस्त्यावर, एक सायकलवाला जीपच्या चाकाखाली येता येता वीतभर अंतराने वाचला होता. “हा कुठून उपटला?” मास्तर म्हणाले होते. तो माणूस चांगला फर्लांगभर त्यांच्या समोरूनच चालला होता. मुलाने मागे एकदा फोनवर “बाबा, आता गाडी पुरे,” म्हटलं, तेव्हा आठ दिवस त्यांनी त्याचा फोन घेतला नव्हता. माळावरच्या तळ्याकाठी दरवर्षी दोन रात्री तंबू ठोकायचा, हा त्यांचा नेम चोवीस वर्षांचा. नकार द्यायचा तर तो गाडीनेच द्यावा. माणसाच्या तोंडून तो मास्तरांना सोसणार नाही, असं तिला वाटे.

मास्तरांनी मीटरच्या सुया टेकवल्या. “आकडा वाच रे. चष्मा घरी राहिला.”

चष्मा त्यांच्या खिशातच होता.

“बारा पॉइंट सात, सर.”

आता ते भार देऊन तपासायला सांगणार, असं तिला वाटलं. त्या तपासणीशिवाय त्यांनी आजवर कुणाची बॅटरी पास केली नव्हती. पण मास्तरांनी हात पुसले आणि म्हणाले, “ठीक आहे. घरी पाठवून दे.”

संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने जोडी बसवली. नट बोटांनी चाचपून आवळले, टोकांना ग्रीस लावलं.

“उद्या निघायचं ना? तुला जायचंय ना नक्की?” जेवताना त्यांनी विचारलं.

“म्हणजे काय! पिशव्या भरून तयार आहेत.”

“तू वर्षभर वाट बघतेस,” ते म्हणाले आणि ताटातलं संपवू लागले.

सकाळी ती पिशव्या घेऊन शेडपाशी आली. “तू बाहेरच थांब, धूर होईल,” मास्तर म्हणाले आणि एकटेच आत चढले. त्यांनी किल्ली फिरवली. घर्रर्र करून इंजिन फिरलं, फिरत राहिलं, पण त्याने काही पेट घेतला नाही. त्यांनी दोनदा पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्या खेपेला किल्ली सोडून ते मान खाली घालून बसले.

“राहू दे,” ते म्हणाले. “वय झालं तिचं. आता तिची ओढाताण नको. मुलाला सांगू, गिऱ्हाईक बघ म्हणून.”

“बरं.”

“तुझा मात्र हिरमोड झाला.”

“छे हो. घरी काय वाईट आहे?”

पिशव्या उचलून ती स्वयंपाकघरात आली. त्या ओट्यावर ठेवल्या आणि तिथेच टेकून उभी राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्यांना पहिल्यांदाच फसवलं होतं. सुटल्यासारखं वाटत होतं आणि आत काहीतरी टोचतही होतं.

फोन वाजला. दुकानदार होता.

“काकू, रागावू नका. गाडी एव्हाना रस्त्याला लागली असेल. तुम्ही सांगितलंत तसं माझ्याच्याने झालं नाही. सरांच्या हातात मेलेली बॅटरी कशी ठेवू? दोन्ही कोऱ्या दिल्यात, याच महिन्याच्या. सांभाळून जा एवढंच सांगायला फोन केला.”

फोन कानाला तसाच धरून ती शेडकडे गेली.

जीपचं दार उघडं होतं. मास्तर तिच्याकडे पाठ करून चाकामागे बसले होते. बाहेर ओढली की डिझेल तोडून इंजिन बंद ठेवणारी ओढखुंटी पुरती बाहेर खेचलेली होती, आणि आवाज होऊ नये अशा बेताने ते ती अंगठ्याने आत ढकलत होते.